शाळेतून विधान परिषदेकडे

नांदेड-लातूरच्या गावांत शाळेचा कारभार शाळा व्यवस्थापन समिती पाहते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. या समितीतल्या एखाद्याला आमदार व्हावेसे वाटले तर वाट विधानसभेचीच नाही. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षकांनी निवडायच्या असतात. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांची मिळून त्यातली एकच जागा. २०२३ साली विक्रम काळे ती चौथ्यांदा जिंकले. त्यांचे वडील वसंतराव काळेही याच मतदारसंघाचे आमदार होते.

उमेदवार स्वतः शिक्षक असलाच पाहिजे, असे नाही. मतदाराने मात्र गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षे माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेले हवे. म्हणजे मुलांना बाराखडी गिरवायला लावणारे जिल्हा परिषदेचे प्राथमिक गुरुजी आणि बाई बाहेरच राहतात. हा अन्याय मला फार खटकतो.

मतपत्रिकेवर फुली किंवा टिकमार्क चालत नाही. केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या पेनाने पसंतीचे आकडे लिहायचे. पहिली पसंती, म्हणजे १, लिहिलीच नाही तर मत बाद होते.