अंगठ्याचे तीस टक्के

पुण्याजवळच्या रहाटणी-काळेवाडीतून भोसरी नाहीतर चाकणच्या प्रेसशॉपमध्ये पाळीवर जाणाऱ्या कामगाराचा अंगठा यंत्रात गेला, तर कायद्याच्या लेखी त्याची कमाईची क्षमता 30 टक्क्यांनी घटते. तर्जनी गेली तर 14 टक्क्यांनी. हा तक्ता 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परंपरेतला. भरपाई ठरवायला आकडा लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण क्षमता शरीरात साठवलेली असते आणि अवयव गेला की तेवढी वजा होते, हे त्यामागचे गृहीतक कच्चे आहे. नृत्याच्या रंगमंचावर ते उघडे पडते.

मुंबईच्या सुधा चंद्रन यांचा उजवा पाय 1981 मधील बस अपघातानंतर गुडघ्याखाली कापावा लागला. जयपूर फूट लावून 1984 मध्ये त्या मुंबईत पुन्हा भरतनाट्यम नाचल्या. ही गोष्ट नेहमी जिद्दीची म्हणून सांगतात. जिद्द होतीच, पण त्या पावलाची घडणही पाहायला हवी. परदेशी कृत्रिम पाऊल बुटात घालायचे, घोट्यात ताठ. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. सेठी यांनी स्पंज रबर व लाकडाचे ठोकळे रबरात गुंडाळून, तापवून पक्के करून जे पाऊल घडवले, ते घोट्यात वाकते. माणसाला उकिडवे बसता यावे, अनवाणी चालता यावे, ही त्यामागची गरज. भरतनाट्यमच्या अरमंडीत गुडघे बाहेर काढून अर्धे बसायचे, तर नेमका हाच वाकणारा घोटा लागतो. शिवाय गुडघा शाबूत होता. म्हणजे नाचली ती एकटी जिद्द नव्हे. गुडघा, रबर, जमीन आणि सराव मिळून नाचले.

इथवर तंत्रज्ञान उणे भरून काढत होते. अमेरिकेच्या नर्तिका लिसा बुफानो यांना हाही हेतू मान्य नव्हता. दोन्ही पावले आणि हातांची बोटे गमावलेल्या बुफानो चारही अवयवांना टेबलाचे लाकडी पाय बांधून नाचल्या. आणि धडधाकट सहनर्तिकेनेही तसेच पाय बांधले. त्या उंचीवर दोघींचाही तोल नवा, दोघीही शिकाऊ. लंडनमध्ये डॅनी क्लोड यांनी बनवलेला ‘तिसरा अंगठा’ तर सुदृढ हातालाच जोडतात आणि पायाच्या अंगठ्यांनी दाबून हलवतात. 2021 च्या अभ्यासात पाच दिवसांच्या सरावानंतर त्या हाताच्या बोटांचा मेंदूतला नकाशाही काहीसा बदललेला आढळला.

यावर कुणी म्हणेल, रंगमंच वेगळा, पोटापाण्याचे काम वेगळे. आणि अशी उपकरणे कामगाराला परवडणार कशी? खर्चाचा मुद्दा खरा आहे, आणि रंगमंचावरच्या एका यशाने लाखो जणांवर ‘तुम्हीही करून दाखवा’ असे ओझे टाकणे तर अन्यायाचेच. पण प्रेसशॉप वेगळे नाही. दोन्ही हातांनी बटणे दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, ही सुरक्षेची उत्तम सोय एका हाताच्या ऑपरेटरला मात्र बाहेर ठेवते. त्याच प्रेसला हात आत येताच यंत्र थांबवणारा लाइट कर्टन आणि योग्य स्विच बसवला, तर तो काम करू शकतो. हात तोच, क्षमता बदलली. दिव्यांग हक्क कायदा, 2016 हे बऱ्याच अंशी मानतो: नोकरीत असताना अपंगत्व आले तर कामावरून काढू नये, गरजेप्रमाणे दुसरे काम द्यावे, असे त्याचे कलम 20 सांगते. मात्र ही सक्ती सरकारी आस्थापनांपुरती आहे. भोसरीतल्या खासगी वर्कशॉपला ती लागू नाही.