मीठ टिकतं, स्वाद टिकत नाही

दिवाळीत भेट द्यायला लिंबाच्या सालीचं, लसणीचं किंवा कढीपत्त्याचं मीठ घरी करताना एक समज पक्का असतो: मीठ कधी खराब होत नाही, तेव्हा हेही होणार नाही. हे निम्मंच खरं आहे. मीठ पाणी स्वतःकडे ओढून घेतं, जंतूंना वाढायला पाणी उरू देत नाही. म्हणून भरपूर मिठातला लसूण सहसा कुजत नाही. पण वास धरून ठेवणं मिठाला जमत नाही. लिंबाचा वास सालीच्या पिवळ्या थरातल्या तेलात असतो. ते तेल हळूहळू उडतं, हवा लागून बदलतं. काही महिन्यांनी बरणीत उरतं ते पिवळट दिसणारं साधं मीठ.

मग लोणचं वर्षभर कसं राहतं? लोणच्यात ओल गृहीतच धरलेली असते. कैरीला सुटलेल्या पाण्यात मीठ विरघळून खार होतो, जोडीला आंबटपणा आणि वर तेलाचा थर. कोरड्या मिठात मात्र तेच पाणी घात करतं. त्यात हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा पाझरू लागतं, आणि मॅग्नेशियमचे क्षार असलेलं खडेमीठ त्याच्याही आधी. कोकणातल्या पावसाळ्यात ही पातळी सहज ओलांडली जाते. म्हणून ठेचलेला लसूण मिठात कालवून लगेच बरणी भरू नये. मिश्रण ताटात पातळ पसरून मंद आचेच्या ओव्हनमध्ये वाळवावं. मुठीत दाबल्यावर गोळा न होता दाणे सुटे राहिले, की झालं. लिंबाची साल पांढरा भाग न घेता किसावी, आणि आच वाढवू नये, नाहीतर वास ओव्हनमध्येच संपतो.

दुसरा समज आरोग्याचा: गुलाबी सैंधव घातलं की भेट पौष्टिक होते. सैंधवातही 95 टक्क्यांहून अधिक सोडियम क्लोराइडच असतं. गुलाबी रंग लोहाच्या अंशाचा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ सांगते. तेवढ्यातून मिळणारी इतर खनिजं नगण्य. उलट, साध्या सैंधवात आयोडीन जवळपास नसतंच. स्वादामुळे मीठ कमी लागतं, हा मुद्दा चुकीचा नाही: 100 ग्रॅम मिठात 10 ग्रॅम वाळकी साल असेल, तर त्याच वजनात मीठ सुमारे अकरावा हिस्सा कमी जातं. मात्र हा फायदा साध्या मिठाऐवजी वापरलं तरच. मीठ घातलेल्या आमटीवर तेच भुरभुरलं, तर ती भरच.

तेव्हा भरभरून देण्यापेक्षा थोडं द्यावं. चिमटी-चिमटीने लागणारी पाव किलोची बरणी संपेपर्यंत तिच्यातला स्वाद उरत नाही. 50 ग्रॅम पुरे. चिठ्ठीवर घटक आणि केल्याची तारीख लिहावी, आणि रक्तदाब असलेल्या घरी ‘पथ्याचं मीठ’ म्हणून मुळीच देऊ नये.