इटालियन मोटारसायकल : रूप आणि घडण

घरांत नवी वस्तु येणार म्हटलें म्हणजे तिच्याविषयीं मत देण्याचा अधिकार एकत्र कुटुंबांतील लहानथोर सर्वांस आपोआप प्राप्त होतो. वाढवणच्या आमच्या घरीं गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस असाच एक विषय निघाला. थोरल्या बंधूंचे चिरंजीव बोईसरच्या एका कारखान्यांत नोकरीस आहेत. त्यांनीं पंक्तींत जाहीर केलें कीं, जुनी मोटारसायकल काढून आपण आतां इटालियन घेणार. लहान मुलांनीं आनंद केला, दादांनीं किंमत विचारली आणि किंमत ऐकून ताकाची वाटी खालीं ठेविली. वहिनींनीं मात्र एवढेंच विचारलें, "दुसऱ्या पाळीहून रात्रीं येतांना ती वाटेंत बंद तर पडणार नाहीं ना?"

आमच्या मतें साऱ्या वादाचें सार ह्या एका प्रश्नांत होतें. चिरंजीव गाडीच्या रूपाविषयीं बोलत होते आणि वहिनी तिच्या घडणीविषयीं. मध्यस्थी आमच्याकडे आली. त्या निमित्तानें जें पाहिलें आणि विचारलें, तें वाचकांच्याही उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, इटालियन वाहन मराठी घराला परकें नाहीं. इटलींतील पोन्तेदेरा येथें पियाजिओ कारखान्यानें १९४६ सालीं व्हेस्पा स्कूटर काढली. तिचा रचनाकार कोर्रादिनो दास्कानिओ हा मूळचा विमानविद्येंतला. मोटारसायकल त्याला मुळींच आवडत नसे. तिनें कपडे मळतात, तिच्यावर बसणें गैरसोयीचें, अशी त्याची तक्रार. म्हणून त्यानें इंजिन झांकलें, पुढें पत्र्याची ढाल दिली आणि सांगाड्याऐवजीं पत्र्याच्या अंगावरच सारा भार घेतला. बजाज मंडळींनीं १९४८ पासून बाहेरून आणलेल्या दुचाकी व तीनचाकी गाड्या येथें विकण्यास आरंभ केला. पुढें १९६० च्या सुमारास पियाजिओच्या परवान्यानें येथेंच स्कूटरी होऊं लागल्या. तो करार १९७१ सालीं संपला आणि १९७२ पासून त्याच वळणाची 'चेतक' घरोघरीं गेली. मुंबईंत जुळविली जाणारी लँब्रेटाही मूळची मिलानची.

आमच्या पडवींत अशीच एक जुनी स्कूटर अद्याप उभी आहे. सकाळीं ती एका अंगावर तिरकी करून मग किक मारावयाची, हा दादांचा तीस वर्षांचा नित्यनेम होता. तिची गोल पाठ सर्वांना आवडे. परंतु ती घरांत टिकली ती पाठीमुळें नव्हे. तिची क्लचची तार डहाणूच्या कोणत्याही दुकानांत मिळे आणि नाक्यावरच्या मिस्त्रीला तिचें पोट डोळे मिटून उघडतां येई, म्हणून ती टिकली. रूप इटलीचें होतें, पण भरंवसा नाक्यावरचा होता.

आतां रूपाचा पक्ष पाहूं. कित्येक वडील माणसें 'मोहकता' हा शब्द उच्चारतांच कपाळास आंठ्या घालतात. आम्ही तसें करणार नाहीं. इटालियन गाडीचा मोह केवळ रंगाचा नसतो. तो पुष्कळदां यंत्राच्या रचनेंतूनच येतो. कोमो सरोवराच्या कांठीं मान्देल्लो येथें मोटो गुत्सी हा कारखाना १९२१ सालीं निघाला. तिघे मित्र मिळून तो काढणार होते. पैकीं वैमानिक रावेल्ली १९१९ सालीं मरण पावला, म्हणून उरलेल्या दोघांनीं त्याच्या स्मरणार्थ गरुड हें चिन्ह घेतलें. ह्या गाड्यांच्या इंजिनाचीं दोन नळकांडीं दोन्ही बाजूंस पंखांसारखीं बाहेर आलेलीं असतात आणि उभ्या गाडीचा वेग वाढवितांच ती एका अंगाला किंचित् झुकते. दोष म्हणा, लडिवाळपणा म्हणा, मालकाला तें झुकणें आवडतें.

आमच्या चिरंजीवांच्या मनांत भरलेली गाडी एप्रिलिया घराण्याची आहे. हें घराणें २००४ सालीं पियाजिओकडे आलें. तिचें ४५७ सी.सी.चें इंजिन दोन नळकांड्यांचें असून त्याच्या दोन ठोक्यांमधील अंतर मुद्दाम विषम ठेविलेलें आहे. दोन्ही ठोके सारख्या अंतरानें पडले तर आवाज शिलाईयंत्रासारखा एकसुरी येतो. विषम पडले तर त्यांत ताल येतो. म्हणजे ज्याला आपण 'मोह' म्हणतों, तोही कोणीतरी हिशेबानें घडविलेला असतो. ज्या यंत्रावर जीव जडतो, तें माणूस पुसतो, धुतो, वेळेवर तेल घालतो. हा रूपाचा एक खराखुरा उपयोग आहे.

परंतु येथें एक गंमत आहे. ही इटालियन गाडी इटलींत झालेली नाहीं. ती बारामतीस होते. पियाजिओनें २०१२ सालीं बारामतीस पुन्हां व्हेस्पा काढण्यास आरंभ केला आणि २०२३ च्या अखेरीस एप्रिलिया आर.एस. ४५७ ही तेथलीच मोटारसायकल बाजारांत आणली. तेव्हां तिची किंमत चार लक्ष दहा हजार रुपये होती. पुढें २०२५ च्या फेब्रुवारींत तिचीच उघड्या अंगाची बहीण ट्युओनो ३ लक्ष ९५ हजारांस आली. त्याच वर्षीं २२ सप्टेंबरपासून ३५० सी.सी. वरील मोटारसायकलींवर ४० टक्के कर लागूं झाला, हेंही दादांच्या वहींत नोंदलें गेलें. तेव्हां 'इटालियन म्हणजे नाजूक आणि जपानी म्हणजे टणक' हें जुनें सूत्र आतां जसेंच्या तसें चालणार नाहीं. डुकाटीच्या गाड्यांची झडपांची तपासणी फार लवकर येते व ती खर्चाची असते, अशी पूर्वी ख्याति होती; त्याच कारखान्यानें २०२० सालीं मल्टिस्ट्राडा व्ही-फोरसाठीं जें इंजिन काढलें, त्याची ती तपासणी साठ हजार किलोमीटरांवर नेली. देशाच्या नांवावरून गाडीची परीक्षा करणें म्हणजे गोत्रावरून स्वयंपाक ओळखण्यासारखें आहे.

मग परीक्षा करावी कशावरून? ह्याचें उत्तर आम्हांस घराशेजारींच मिळालें. वाढवण, वरोर, चिंचणी ह्या बाजूस घरोघरीं डायमेकिंगचा धंदा आहे. दागिन्यावर जी नक्षी उमटते, तिचा पोलादी ठसा येथले कारागीर कोरतात. अशा एका वृद्ध कारागिरास आम्ही दुकानांत गाडी पाहावयास बरोबर नेलें. चिरंजीव टाकीच्या वळणाकडे पाहत होते. म्हातारबोवांनीं तिकडे पाहिलेंही नाहीं. त्यांनीं दोन पत्र्यांच्या सांध्यावरून नख फिरविलें, बैठक काढावयास लावून वायरींचे जोड कोठें व कसे बांधले आहेत तें न्याहाळलें, आणि बोल्टांच्या माथ्यांवरचा मुलामा पाहिला. परततांना ते म्हणाले कीं, दागिना कोणालाही आवडतो, पण आम्ही ठसा पाहतों. ठसा जेथें उथळ, तेथें नक्षी लवकर पुसते.

ठशाची ही गोष्ट आमच्या किनाऱ्यावर विशेष लागू आहे. येथली हवा खारी. खिडकीचे गज, विहिरीचा रहाट, कडीकोयंडा, कांहींही तिच्या तावडींतून सुटत नाहीं. पोलादावर तांबडा गंज चढतो, हें सर्वांस ठाऊक आहे. अॅल्युमिनियमला तांबडा गंज नाहीं, म्हणून नव्या गाडीचा अॅल्युमिनियमचा सांगाडा निर्धास्त, असें मात्र समजूं नये. अॅल्युमिनियममध्यें पोलादी बोल्ट बसविला आणि दोहोंमध्यें खारट ओल शिरली, म्हणजे तेथें एक चिमुकली विद्युत्-घटमाला तयार होते. तींत अॅल्युमिनियम झिजतें, पांढरी भुकटी जमते आणि बोल्ट असा धरून बसतो कीं पिळतांना तुटावा. वायरींच्या जोडांत हीच ओल शिरली तर भर रस्त्यांत दिवा जातो किंवा इंजिन गप्प होतें. वहिनींच्या प्रश्नाचें मूळ येथें आहे. इंजिनाच्या सामर्थ्यांत नव्हे.

दुसरा धोका खाऱ्या हवेचा नसून माणसांचा आहे. इटलींत पेझारो येथें तेरेसा बेनेल्ली नांवाच्या एका विधवा मातेनें घरची सारी पुंजी घालून १९११ सालीं आपल्या सहा मुलांसाठीं दुरुस्तीचा कारखाना काढून दिला. त्यांतूनच बेनेल्ली मोटारसायकल जन्मास आली. आपल्याकडील कोणत्याही कुटुंबास अभिमान वाटावा अशी ही कथा आहे. परंतु २००५ सालीं तें नांव एका चिनी कारखान्याकडे गेलें. येथें २०१५ सालीं पुण्याच्या एका उद्योगसमूहानें त्या गाड्या आणल्या आणि २०१८ सालीं तो कारभार हैदराबादच्या दुसऱ्या समूहाकडे गेला. गाडी तीच, टाकीवरचें नांव तेंच. पण अशा पालटांत सुटा भाग कोणाकडे मागावा, हें मालकाला कळेनासें होतें. आमच्या एका आप्तांची बाहेरून आलेली गाडी (ती कोणत्या घराण्याची, हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं) एका साध्या लिव्हरसाठीं पावसाळाभर ताडपत्रीखालीं उभी होती. रूप तिचें तसूभरही कमी झालें नव्हतें. त्याचा उपयोग मात्र कोणास नव्हता.

सारांश, आम्हीं चिरंजीवांस चार गोष्टी करावयास सांगितल्या. पहिली, त्याच जातीची किमान दोन पावसाळे काढलेली गाडी, शक्य तर किनाऱ्यावरच्याच मालकाची, शोधून पाहावी. दुकानांतली नवी गाडी सर्वांचीच सुंदर असते. दुसरी, आरसा, क्लचची लिव्हर आणि विद्युत्-नियामक ह्या तीन भागांची किंमत व ते किती दिवसांत मिळतील, हें विक्रेत्याकडून लिहून घ्यावें. तिसरी, विम्याचा वार्षिक हप्ता आणि अधिकृत दुरुस्तीकेंद्राचें वाढवणहून अंतर मोजून खर्चांत धरावें. एका तपासणीपायीं रजेचा दिवस मोडत असेल, तर तोही किंमतीचाच भाग होय. चौथी, समुद्राकांठच्या प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्यानें गाडी धुणें, साखळीस तेल देणें, वायरींच्या जोडांस ग्रीस लावणें, हा नेम आपणांस झेपेल काय, ह्याचा प्रामाणिक विचार करावा.

चौकशीस दोन महिने लागले. जुनी गाडी पाहण्यास मिळाली. तिचा सांगाडा स्वच्छ होता, पण कांहीं बोल्टांवर पांढरी भुकटी धरली होती. सुट्या भागांपैकीं दोन आठवड्यांत मिळतील असें लिहून मिळालें. तिसऱ्याविषयीं विक्रेत्यानें लेखी कांहीं दिलें नाहीं. हें सारें चिरंजीवांनीं होऊन पंक्तींत सांगितलें, आणि त्यांत आम्हांस अर्धा निकाल दिसला. दादांनीं अखेर ठरविलें तें असें : गाडी घ्यावी, पण जुनी विकूं नये, रात्रपाळीस जुनी न्यावी, इटालियन दिवसा चालवावी, आणि वर्षभरानें वहिनींनींच सांगावें कीं दुसऱ्या पाळीस कोणती न्यावयाची.

दाराशीं नवी गाडी आली त्या दिवशीं वहिनींनीं तिला कुंकू लाविलें. चिरंजीव टाकीकडे पाहत होते. वहिनी मात्र वाकून बैठकीखालीं पाहत होत्या, आणि वायरी कोणत्या हें शेजारच्या म्हातारबोवांस विचारीत होत्या.