विश्लेषण : पाहुणा संघ आला ५ खेळाडूंनिशी, निकाल १८-०! महायुद्धात इंग्लंडमधील फुटबॉल कसा सुरू राहिला?

२५ डिसेंबर १९४०. नाताळच्या दिवशी नॉर्विच सिटीशी खेळायला ब्रायटनचा संघ पोहोचला, तेव्हा त्यांच्याकडे खेळाडू होते अवघे पाच. उरलेल्या जागा नॉर्विचच्याच राखीव खेळाडूंनी आणि सामना बघायला आलेल्या सैनिकांनी भरल्या. निकाल : नॉर्विच १८, ब्रायटन ०. एरवी असा सामना रद्दच झाला असता. मग बॉम्ब पडत असताना तो खेळवण्याचा अट्टहास कशासाठी?

लीग बंद, पण फुटबॉल सुरू

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. तेव्हा नव्या हंगामाचे तीनच सामने झाले होते. तिन्ही जिंकून ब्लॅकपूल अव्वल होता. लीग थांबली, ते निकाल बाद ठरले आणि खेळाडूंचे करारही संपले. मात्र काही दिवसांतच मैत्रीपूर्ण सामन्यांना परवानगी मिळाली आणि ऑक्टोबरमध्ये प्रादेशिक लीग सुरू झाल्या. प्रवास ५० मैलांच्या, म्हणजे साधारण ८० किलोमीटरच्या आत. हवाई हल्ल्याचा धोका असलेल्या भागांत सुरुवातीला प्रेक्षक जास्तीत जास्त ८ हजार. युद्धापूर्वी अव्वल खेळाडूला आठवड्याला ८ पौंड मिळत. आता सामन्यामागे ३० शिलिंग, म्हणजे दीड पौंड.

आधीच्या महायुद्धात टीका का झाली होती?

१९१४-१५चा हंगाम युद्ध सुरू असतानाही पूर्ण खेळवला गेला, तेव्हा क्लबांवर सडकून टीका झाली. एप्रिल १९१५ मधील एफए कपच्या अंतिम सामन्याला गणवेशातील सैनिक इतके होते, की तो ‘खाकी फायनल’ म्हणूनच ओळखला जातो. खरा फरक होता सैन्यभरतीच्या नियमात. १९१४ मध्ये भरती ऐच्छिक होती. त्यामुळे मैदानावरचा प्रत्येक धडधाकट तरुण म्हणजे आघाडीवर जायचे टाळणारा, असा आरोप करणे सोपे होते. फुटबॉलपटूंची वेगळी बटालियन उभी राहूनही तो पुरता थांबला नाही. १९३९ मध्ये मात्र युद्धाच्या पहिल्याच दिवशी १८ ते ४१ वयाच्या पुरुषांसाठी सक्तीच्या भरतीचा कायदा झाला. खेळाडू सैन्यात जाणारच होते. मग शनिवारी दुपारी खेळले, तर कोणाची हरकत असणार? उलट थकलेल्या कामगारांना विरंगुळा म्हणून सरकारलाही फुटबॉल हवाच होता.

संघ कसे जमायचे?

‘पाहुणे’ खेळाडू घेऊन. जिथे नेमणूक, तिथल्या क्लबकडून खेळायची मुभा होती. स्टोकचा स्टॅन्ले मॅथ्यूज हवाई दलात ब्लॅकपूलला होता, म्हणून ब्लॅकपूलकडून खेळला. सर्वात मोठी लॉटरी लागली ती लष्करी छावणीच्या ऑल्डरशॉटला. तिसऱ्या श्रेणीतल्या या क्लबकडून ब्रिटन, कलिस आणि मर्सर ही इंग्लंडची अख्खी मधली फळी खेळली! दूर पाठवलेल्यांचे काय? आर्सेनलचा डेनिस कॉम्प्टन महूच्या छावणीत आला. तो क्रिकेटही खेळायचा, त्यामुळे मार्च १९४५ मध्ये मुंबईत रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाकडून त्याने मुंबईविरुद्ध नाबाद २४९ धावा केल्या. मुंबई जिंकली, ही गोष्ट वेगळी.

गुणतक्त्याचे गणित

१९४०-४१ मध्ये कोणाचे किती सामने होतील, याचा नेमच नव्हता. त्यामुळे गुणांऐवजी गोल सरासरीवर, म्हणजे केलेले गोल भागिले खाल्लेले गोल, क्रमवारी ठरली. ६० केले, ४० खाल्ले, तर १.५. सामने कमी-जास्त झाले तरी तुलना शक्य! दक्षिणेत क्रिस्टल पॅलेस, तर उत्तरेत प्रेस्टन अव्वल ठरले.

किंमत काय मोजली?

आर्सेनलचे हायबरी मैदान नागरी संरक्षणासाठी गेले आणि संघ कट्टर प्रतिस्पर्धी टॉटनहॅमच्या मैदानावर खेळू लागला. मार्च १९४१ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर बॉम्ब पडले. मँचेस्टर युनायटेडला १९४९ पर्यंत शेजारच्या मँचेस्टर सिटीचे मैदान वापरावे लागले. बोल्टनचे अनेक खेळाडू एकाच तोफखाना रेजिमेंटमध्ये होते. त्यांचा कर्णधार हॅरी गॉस्लिन डिसेंबर १९४३ मध्ये इटलीत मारला गेला.

३१ ऑगस्ट १९४६ रोजी लीग पुन्हा सुरू झाली. पहिल्या दिवसाच्या लढती १९३९ च्या अर्धवट हंगामाच्या वेळापत्रकातल्याच ठेवल्या होत्या.