किरकोळ गुन्हा आणि गावचा न्याय

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगाव निजामी अमलात असताना किरकोळ चोरी, शिवीगाळ वा मारहाण यांची पहिली दाद पोलीस पाटलाकडे लागे, आणि प्रकरण तेथे न मिटल्यास त्याची मिसल उर्दूत तयार होऊन तालुक्यास जाई. हैदराबाद संस्थानाने १९२१ साली फर्मान काढून न्यायखाते मुलकी खात्यापासून विभक्त केले, हे ब्रिटिश हिंदुस्थानलाही तेव्हा साधले नव्हते. तथापि ज्याची शेळी चोरीस गेली त्याला मुन्सफाची पायरी गाठण्यासाठी भाकरी बांधूनच निघावे लागे.

विलीनीकरणानंतर १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने अनेक गावांच्या गटास एक न्यायपंचायत देण्याची तजवीज केली. तिला कैदेचा अधिकार नव्हता, दंडाचा तेवढा होता. कल्पना रम्य खरी. परंतु निवाड्यास बसणारा पंच कोणाचा तरी भाऊबंद आणि कोणत्या तरी तटाचा असणारच, त्यामुळे १९७५ साली शासनाने या पंचायती मोडीत काढल्या याची मला तरी हळहळ वाटत नाही.

आज युसूफ वडगावला स्वतःचे पोलीस ठाणे आहे. शेजाऱ्याने नांगरताना बांधाची दोन तासे कोरली, शब्दाने शब्द वाढून शिवीगाळ झाली, की फिर्यादी तेथे येतो. अदखलपात्र नोंद होऊन त्याच्या हाती एनसीचा कागद पडतो, आणि दंडाधिकाऱ्याच्या हुकमावाचून तपास चालत नसल्याने तो कागद सातबाऱ्याशेजारी ट्रंकेत जाऊन बसतो. फार झाले तर तहसीलदारापुढे मुचलका लिहून घेतला जातो. बांध कोरलेला तो कोरलेलाच.

गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि बक्षिसाच्या ओढीने का होईना, समझोते झाले. पण दसऱ्यानंतर बीडची कुटुंबे ऊसतोडीला निघून गेली की वादी, प्रतिवादी आणि गावची तंटामुक्ती समिती यांची गाठ पाडणार कोण?

२ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आलेल्या ग्रामन्यायालय कायद्याने मात्र नेमके मर्म ओळखले होते: वीस हजारांपर्यंतच्या चोरीसारखे खटले गावात येऊन चालवणारा, गावच्या कोणत्याही तटाशी संबंध नसलेला फिरता न्यायाधिकारी. त्याची नेमणूक राज्यांच्या मर्जीवर सोडली गेली, तिथेच घोडे अडले. शासनाने आता नवी मोहीम काढू नये; हा न्यायाधिकारी गावोगाव पाठवावा, तोही ऊसतोडीची माणसे घरी असतात त्या महिन्यांत.