स्वतःला ओळखायला एकांत लागतो का?

बुलढाणा, चिखली, खामगाव, मलकापूर, कुठेही जा, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका दिसतील. भिंतीवर सुविचार आणि मोबाईलवर प्रेरणादायी भाषणं. एकवीस दिवसांत सवय लावा, मनात यश पाहा म्हणजे ते मिळेलच, नेता जन्मावा लागतो. व्यक्तिमत्त्व विकासाच्या नावाखाली या पोरांच्या गळी जे उतरवलं जातं, त्यातलं बरंचसं खरं नाही. आणि त्याचा भुर्दंड त्यांनाच बसतो, कारण जमलं नाही की सगळा दोष स्वतःच्या माथी येतो. म्हणून यातले काही समज तपासून पाहायला हवेत.

सगळ्यात घट्ट रुजलेला समज असा की, स्वतःची ओळख पटायला चार लोकांपासून दूर जाऊन विचार करत बसावं लागतं. ताशा युरिक या अमेरिकन संघटन-मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळपास ५,००० लोकांचा अभ्यास केला. ‘मी स्वतःला ओळखतो’ असं बहुतेकांना वाटत होतं, पण निकषांवर उतरले जेमतेम १० ते १५ टक्के. जे जास्त वेळ स्वतःविषयी विचार करत होते, ते स्वतःला जास्त ओळखत होते असंही आढळलं नाही. ‘माझ्याच बाबतीत असं का?’ हा प्रश्न माणसाला गरगर फिरवत ठेवतो. ‘नेमकं काय बिघडलं आणि आता काय करता येईल?’ असं विचारलं की वाट निघते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, हे आपल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी कधीच सांगून ठेवलंय. ते मुसळ दाखवायला दुसरा माणूसच लागतो.

आता शेगावला चला. गजानन महाराज संस्थानात हजारो सेवेकरी पाळीपाळीने, एक पैसा न घेता सेवा देतात. त्यात शेतकरी असतात, नोकरदार असतात, व्यापारी असतात. पांढऱ्या कपड्यातला एखादा माणूस तुमच्या धुळीने माखलेल्या चपला हातात घेतो आणि ‘या माऊली’ म्हणतो. तो गावाकडे मोठा बागायतदार असेल किंवा शाळेतला मुख्याध्यापक. इथे त्याच्या हुद्द्याला विचारणारं कोणी नाही. रांगेतला थकलेला भाविक कधी चिडतो, तोंडाला येईल ते बोलून जातो. अशा वेळी हात जोडूनच उभं राहायचं असतं. आपला राग किती पटकन वर येतो, मानाची भूक किती मोठी आहे, हे त्या घटकेला जितकं उघडं पडतं तितकं बंद खोलीत दहा वह्या लिहूनही पडत नाही. माझ्या मते आपल्या जिल्ह्यातली आत्मपरीक्षणाची सर्वात मोठी शाळा हीच आहे, आणि तिला फी नाही.

ही शिस्त ज्यांच्या काळात बहरली ते शिवशंकरभाऊ पाटील. सगळा मुलूख त्यांना ‘भाऊ’ म्हणूनच ओळखायचा. १९६२ पासून ते संस्थानचे विश्वस्त होते, पुढे व्यवस्थापकीय विश्वस्त झाले, आणि अखेरपर्यंत स्वतःला सेवेकरीच म्हणवून घेत राहिले. ४ ऑगस्ट २०२१ रोजी त्यांचं निधन झालं. नेता म्हणजे व्यासपीठावर पुढे दिसणारा, मोठ्या आवाजात बोलणारा, हा दुसरा गैरसमज त्यांच्याकडे पाहिलं की टिकत नाही. सत्कार आणि प्रसिद्धीपासून ते लांब राहिले. त्यांच्यामागेही रांग तशीच लागते, परिसर तसाच झाडला जातो, महाप्रसादाची पंगत तशीच बसते. माणूस गेला आणि काम चालू राहिलं, नेतृत्वाची याहून खरी परीक्षा मला माहीत नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या सिंदखेड राजाच्या मातीत असं पडद्यामागचं नेतृत्व नवं नाही. १२ जानेवारी १५९८ ला इथे जन्मलेल्या जिजाऊंना आपण राजमाता म्हणून वंदन करतो, पण त्यांच्यातली कारभारीण विसरतो. १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्याला गेले, कैदेत अडकले, तेव्हा मागे स्वराज्याचा कारभार जिजाऊंच्या देखरेखीखाली चालू होता. नेतृत्व रक्तातून येतं म्हणणाऱ्यांनी त्याआधीची पुण्याची वर्षं आठवावीत. उजाड झालेल्या जहागिरीची घडी बसवताना लागलेली मेहनत रक्तातून मिळत नसते.

आता एकवीस दिवसांत सवय लागते, या समजाचं. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून हा आकडा पसरला. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना कमीत कमी एकवीस दिवस लागतात, एवढंच त्यांचं निरीक्षण होतं. त्यातलं ‘कमीत कमी’ गळालं आणि नियम तयार झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडलं नाही. बाविसाव्या दिवशी पहाटे डोळा उघडला नाही म्हणून स्वतःला नालायक ठरवणाऱ्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं.

‘मनात यश पाहा’ हा सल्ला तर उलटाच पडू शकतो. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगन यांनी पदवीधरांचा अभ्यास केला. नोकरीची गोड स्वप्नं रंगवण्यात जे जास्त रमले, त्यांना पुढे नोकरीचे प्रस्ताव कमी आले आणि पगारही कमी मिळाला. स्वप्न पाहू नये असं त्या म्हणत नाहीत. स्वप्नासोबत वाटेतला अडथळाही डोळ्यांसमोर धरावा, असं त्या सांगतात. आणि आपल्याकडे अडथळे खरे आहेत. पावसाचा खंड, सोयाबीनचा पडलेला भाव, डोक्यावरचं कर्ज. सकारात्मक विचाराने ते हटत नाहीत, आणि ते असणं हा कुणाच्या स्वभावाचा दोषही नाही. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे नीट वेगळं करता येणं हेसुद्धा आत्मभानच आहे.

हे आत्मभान तपासायचं असेल, तर तुमच्या हाताखाली काम करणारा एक माणूस निवडा: शेतावरचा गडी, दुकानातला मुलगा, कार्यालयातला शिपाई. घरात विचारायचं असेल तर सून चालेल. पद आणि अनुभव वाढत जातो तसा नेत्याचा स्वतःविषयीचा अंदाज जास्त फुगतो, असंही युरिक यांच्या अभ्यासात दिसतं, म्हणून खालूनच विचारायचं. ‘माझ्या कोणत्या वागण्याचा तुम्हाला त्रास होतो?’ एवढंच विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा, आणि ते ऐकताना मध्येच खुलासा करू नका.