एकोणीस स्टुडिओ, अडीच लाख पौंड

‘लव्हलेस’ या अल्बमचा विषय निघाला की आधी हिशेब निघतो. फेब्रुवारी १९८९मध्ये लंडनच्या सदर्क भागातल्या ब्लॅकविंग स्टुडिओत माय ब्लडी व्हॅलेंटाइन हा बँड आपल्या दुसऱ्या अल्बमसाठी शिरला, तेव्हा त्यांच्या कंपनीला वाटत होतं की पाच दिवसांत काम उरकेल. अल्बम दुकानांत आला तो ४ नोव्हेंबर १९९१ रोजी. मधल्या काळात १९ स्टुडिओ पालथे घातले गेले, अडीच लाख पौंड खर्ची पडले आणि क्रिएशन रेकॉर्ड्स ही कंपनी दिवाळखोरीच्या दारात जाऊन उभी राहिली, असं तेव्हापासून सांगितलं जातं. बँडचा सूत्रधार केव्हिन शील्ड्सने हा आकडा कधीच मान्य केला नाही. खरी रक्कम बरीच कमी होती, आणि तिच्यातला मोठा वाटा रेकॉर्डिंगचा नव्हे, तर एवढ्या काळातल्या चौघांच्या खाण्या-राहण्याचा होता, असं त्याचं म्हणणं.

या भांडणाचा निवाडा करण्यात मला रस नाही. पण त्यातून जन्मलेला एक समज मात्र खोडायला हवा. प्रचंड खर्चाची कहाणी आणि ऐकताना अंगावर येणारी गिटारांची भिंत या दोन्हींची बेरीज करून लोकांनी ठरवून टाकलं की या माणसाने गिटारीवर गिटार चढवत शेकडो थर रचले असणार. तसं झालेलंच नाही. इतर बँड कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवतात त्याहूनही आपल्या गिटारी कमी आहेत, असं शील्ड्स सांगत आला आहे, आणि नीट कान देऊन ऐकलं तर ते पटतं. पैसा आवाज वाढवण्यात गेला नाही. तो थांबण्यात गेला.

शील्ड्सचा जन्म न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला. दहा वर्षांचा असताना घरच्यांबरोबर तो डब्लिनला आला. तिथे ड्रम वाजवणाऱ्या कोलम ओ कीसोगशी त्याची जोडी जमली आणि १९८३मध्ये बँड उभा राहिला. नाव एका कॅनेडियन भयपटाचं. डब्लिनमध्ये काही होईना म्हणून ते बर्लिनला गेले आणि तिथून लंडनला पोचले. बेस गिटार वाजवणारी डेबी गूज आणि गाणारी, गिटार वाजवणारी बिलिंडा बुचर लंडनमध्ये बँडला येऊन मिळाल्या. बेकारभत्ता आणि ओस पडलेल्या घरांत घुसून थाटलेला संसार यांवर ऐंशीच्या दशकातले लंडनचे कितीतरी बँड जगले, हेही त्यातलेच.

पहिला पूर्ण अल्बम ‘इझन्ट एनीथिंग’ वेल्समध्ये सुमारे दोन आठवड्यांत झाला. रात्रीची झोप दोन-तीन तासांची. बुचरला झोपेतून उठवून गायला उभं करत, आणि तिच्या आवाजातला पेंगुळलेपणा तसाच टेपवर उतरला. नोव्हेंबर १९८८मध्ये तो आला आणि संगीत साप्ताहिकांनी डोक्यावर घेतला. दोन आठवड्यांत एवढं जमलं, तर दुसऱ्याला पाच दिवस पुरतील हा कंपनीचा हिशेब वेडगळ खरा, पण तो कुठून आला ते समजतं.

ही कंपनी म्हणजे अ‍ॅलन मॅगी हा ग्लासगोचा मनुष्य. ब्रिटिश रेल्वेत कारकुनी केलेला. १९८३मध्ये बँकेचं हजार पौंड कर्ज घेऊन त्याने दोन साथीदारांसह क्रिएशन सुरू केली. बड्या कंपन्यांच्या बाहेर राहून चालवलेल्या अशा छोट्या लेबलांमुळेच ‘इंडी’ हे बिरुद रूढ झालं. या धंद्यात बँडला मिळणारी रक्कम ही उचल असते. ती रॉयल्टीतून फिटेपर्यंत वादकांच्या हातात विक्रीतलं काही पडत नाही. आणि खरी कसोटी दुसऱ्या अल्बमला लागते. पहिला पडला तर नुकसान थोडं. पहिला चालला तर दुसऱ्यासाठी उचल मोठी, स्टुडिओ महाग, आणि बँड बड्या कंपनीकडे पळण्याची धास्ती. मॅगीने जीझस अँड मेरी चेन या बँडचं पहिलं गाणं काढलं होतं, पुढच्याच वर्षी ते वॉर्नरच्या छत्राखाली गेले. तो चटका त्याला आठवत असणारच.

आता तो आवाज. फेंडर कंपनीने १९५८मध्ये जॅझमास्टर ही गिटार जॅझ वाजवणाऱ्यांसाठी काढली. जॅझवाल्यांनी तिच्याकडे फारसं बघितलं नाही. तिची धाकटी बहीण जॅग्वार १९६२ची. ऐंशीच्या दशकात या दोन्ही जुन्या बाजारात स्वस्तात मिळत, म्हणून कफल्लक बँडांच्या हाती लागल्या. दोन्हींची घोडी पक्की बसवलेली नसते, ती तारांबरोबर हलते. तारांचा ताण कमी-जास्त करायला एक दांडी असते, ट्रेमोलो आर्म. सगळे वाजवणारे तार छेडून झाल्यावर ही दांडी हलवतात. शील्ड्सने १९८८मध्ये मित्राकडून उसन्या घेतलेल्या गिटारीवर दांडी मुठीत धरूनच तारा छेडायला सुरुवात केली. चिकटपट्टी लावून ती दांडी त्याने उंचावर, सैल ठेवली. त्यामुळे प्रत्येक फटकाऱ्याला अख्खा स्वरसमूह किंचित खाली घसरतो आणि वर येतो. त्यावर त्याने यामाहाच्या एका प्रतिध्वनी यंत्रातली उलटी सेटिंग वापरली. साध्या घुमाऱ्यात आधी टोला आणि मग विरत जाणारा नाद. इथे नाद आधी फुगत येतो आणि टोला त्यात बुडून जातो. बाकी पायाखालच्या पेटाऱ्यांतून मिळणारे नेहमीचे परिणाम त्याने बहुतेक टाळले.

आपल्या कानाला हे ऐकताना मींड आठवेल, पण ती तुलना फसवी आहे. मींडेत गायक एका स्वराहून दुसऱ्यावर ठरवून जातो, इथे कुठेही पोचायचं नाही. जवळचं उदाहरण मिरजेच्या तानपुऱ्याचं. जवारी नीट लागली की चारच तारांतून कितीतरी वरचे स्वर उमटू लागतात आणि खोलीत आणखी कुणी वाजवतंय असं वाटतं. ‘लव्हलेस’मधली गिटारांची गर्दी बरीचशी अशीच आहे. वाजवणारा एक, वाद्य एक, आणि ऐकणाऱ्याच्या कानात जमलेली झुंड. हे साधायला तंत्र फार लागत नाही. लागतो तो अमुक एका संध्याकाळी जमलेला नेमका कोन, हव्या त्या जागी ठेवलेला मायक्रोफोन, बिघाड नसलेलं यंत्र. ते जमेपर्यंत शील्ड्स काही करत नसे. एखादा स्टुडिओ पसंत पडेना, की गाशा गुंडाळून दुसरा. बिलं थकली की काही ठिकाणी सामान अडकून पडे.

ब्लॅकविंगमधले महिने वाया गेले. वॉपिंगमधल्या तळघरातल्या स्टुडिओत आठ आठवडे गेले, तिथेही हाती थोडंच लागलं. १९९०मध्ये अ‍ॅलन मोल्डर हा ध्वनिमुद्रक आला आणि ‘ग्लायडर’ ही छोटी तबकडी बाहेर पडली. फेब्रुवारी १९९१मध्ये ‘ट्रेमोलो’ आली. या दोन तबकड्यांनी कंपनीला धीर दिला. मोल्डरनंतर अंजली दत्त. आपली नजर या नावावर थबकते. ध्वनिमुद्रकाच्या खुर्चीत बाईच विरळा अशा त्या काळात त्यांनी हे सगळं निभावलं, आणि पुढे ओएसिसच्या पहिल्या अल्बमच्या कामातही त्या होत्या. ‘लव्हलेस’च्या वेष्टनावर मात्र ध्वनिमुद्रकांची लांबलचक यादी आहे. नुसता चहा करून देणाऱ्यांचीही नावं घातली, असं शील्ड्स सांगतो. हा दिलदारपणा की टोमणा, ज्याने त्याने ठरवावं.

चौघांचा बँड, पण अल्बम जवळपास एकाचा. गूजचं नाव आहे, बेस शील्ड्सने वाजवला. ओ कीसोग या काळात शरीराने आणि मनाने खचला होता. त्याच्या वादनाचे तुकडे नमुना म्हणून उचलून यंत्रात जोडले गेले आणि ठेके तयार झाले. त्याने सलग बसून वाजवलेले ड्रम दोनच गाण्यांत आहेत, ‘ओन्ली शॅलो’ आणि ‘कम इन अलोन’. एक मिनिटही न चालणारा ‘टच्ड’ हा तुकडा मात्र पूर्ण त्याचा. अ‍ॅसिड हाउस या नृत्यसंगीताने लंडनच्या रात्री व्यापल्या होत्या, ‘सून’ या शेवटच्या गाण्याच्या ठेक्यात ते नाचघर स्पष्ट ऐकू येतं. आजारपणाने लादलेली तडजोड आणि काळाची चाहूल इथे एकमेकींत अशा मिसळल्या की वेगळ्या काढता येत नाहीत.

गायनाचं रेकॉर्डिंग १९९१च्या मे-जूनमध्ये. शील्ड्स आणि बुचर यांनी काचेवर पडदे लावून घेतले. आत काय चाललंय ते बाहेर बसलेल्या ध्वनिमुद्रकाला दिसायचं नाही, ऐकायलाही मज्जाव. एखादा प्रयत्न जमला की पडदा बाजूला करून हात हलवायचा, एवढाच संवाद. शब्द बरेचदा आदल्या रात्री जागून लिहिलेले. शील्ड्स चाल गुणगुणून टेप देई, त्या अर्थहीन स्वरांत बुचरला जे ऐकू येई ते ती लिहून काढी. मिश्रण करताना आवाज वाद्यांच्या पातळीवरच ठेवला, पुढे आणला नाही. म्हणून कितीही ऐकलं तरी बरेचसे शब्द हाती लागत नाहीत. शेवटी मास्टरिंग. एरवी एका दिवसाचं काम, इथे १३ दिवस लागले. संगणकाने सगळा क्रम विस्कटून टाकला आणि शील्ड्सला तो आठवणीने पुन्हा लावावा लागला.

ब्रिटनच्या यादीत अल्बम २४व्या क्रमांकापर्यंत गेला. बरा, पण एवढ्या खटाटोपाच्या मानाने काहीच नाही. मॅगीने बँडला निरोप दिला. कंपनी याच अल्बमने बुडवली हा आरोप मला सोयीचा वाटतो. त्याच वर्षी क्रिएशनने प्रायमल स्क्रीमचा ‘स्क्रीमाडेलिका’ आणि टीनेज फॅनक्लबचा ‘बँडवॅगनेस्क’ काढला. तीन वेगवेगळ्या तऱ्हेचे तीन अल्बम एका वर्षात काढणारी छोटी कंपनी मुळातच कुवतीबाहेर खर्च करत असणार. रफ ट्रेडची वितरणव्यवस्था १९९१मध्येच कोसळली, म्हणजे छोट्या लेबलांच्या पायाखालची जमीन एरवीही सरकत होती. १९९२मध्ये क्रिएशनचा ४९ टक्के हिस्सा सोनीने घेतला. पण पोरगेलेशा चौघांना अडीच वर्षं जाब न विचारता पोसणं बड्या कंपनीने केलं नसतं, आणि छोट्या कंपनीला ते झेपण्यासारखं नव्हतं. ‘लव्हलेस’ या फटीतून सुटला.

उशीर म्हटला तर मँचेस्टरच्या स्टोन रोझेस या बँडला जास्त लागला. पहिला अल्बम १९८९चा, दुसरा ‘सेकंड कमिंग’ ५ डिसेंबर १९९४चा. त्यांची वर्षं सिल्व्हरटोन या लेबलशी कोर्टकज्ज्यात गेली. १९९१मध्ये न्यायालयाने करार एकतर्फी ठरवला, गेफनने त्यांना करारबद्ध केलं, पैसा आला. तोवर ज्या लाटेवर ते आले होते ती ओसरली होती. दोन वर्षांच्या आत बँड फुटला. तिथे थांबणं लादलेलं होतं, इथे ते स्वतःहून पत्करलेलं. ऐकताना हा फरक कळतो.

शील्ड्सला मग हवं ते सगळं मिळालं. १९९२मध्ये आयलंड कंपनीचा करार झाला, दक्षिण लंडनमध्ये बँडचा स्वतःचा स्टुडिओ उभा राहिला. अल्बम झाला नाही. ओ कीसोग आणि गूज निघून गेले, मागोमाग बुचर. शील्ड्स प्रायमल स्क्रीमबरोबर गिटार वाजवत फिरला. २००७मध्ये चौघं पुन्हा जमले. मैफलींच्या दाराशी प्रेक्षकांना कानात घालायचे बोळे वाटले जात. तिसरा अल्बम २ फेब्रुवारी २०१३च्या रात्री आला, कोणत्याही कंपनीशिवाय. बँडने तो आपल्याच संकेतस्थळावर विकायला ठेवला, आणि मागणी इतकी उसळली की संकेतस्थळ बंद पडलं. त्यातलं बरंचसं वादन नव्वदच्या दशकातल्या टेपांवरचं होतं. या वेळी पाच दिवसांची अपेक्षा ठेवणारं कुणी नव्हतं.